शनिवारी पायथा, रविवारी माथा: गोव्यातल्या नवख्यांसाठी हिवाळी चढाई

पणजीत जानेवारीच्या दुपारी पारा ३२ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे गोव्यातून पहिल्यांदाच मोठ्या डोंगरावर जाणाऱ्याने थंडीची धास्ती घेऊन जाड स्वेटर भरण्यापेक्षा घड्याळाकडे आणि पाण्याच्या बाटल्यांकडे लक्ष द्यावं. नवखे लोक अडतात ते अकरानंतरच्या उन्हात, पाणी संपल्यावर किंवा सहाच्या सुमाराला अंधार पडल्यावर. आणि हे तिन्ही टाळणं पायथ्याशी असतानाच आपल्या हातात असतं.

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवू. हिवाळ्यात हिमालयातलं शिखर शनिवार-रविवारी होत नाही. समुद्रसपाटीवर राहणारं शरीर अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेशी जुळवून घ्यायला दिवस मागतं. तीन हजारांच्या वर तर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा साधा नियम आहे. विमानाने पोचता येईल, पण फुप्फुसं आणि डोकं मागेच राहतात. आपल्या शनिवार-रविवारसाठी सह्याद्री आहे, आणि तो पुरेसा उंच आहे.

कोणतं शिखर, कोणता महिना

गोव्यातला सर्वांत उंच डोंगर सत्तरी तालुक्यातला सोसोगड. त्याची उंची काही ठिकाणी १,१६६ मीटर तर काही ठिकाणी १,०२६ मीटर छापलेली आढळते, म्हणून त्या आकड्यावर वेळेचा हिशोब बांधू नका. पायथ्यापासून माथ्यापर्यंत प्रत्यक्ष किती चढायचं आहे, ते नकाशावरच्या समोच्च रेषांवरून (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) मोजा. हजार मीटर उंचीच्या डोंगराचा पायथा दोनशे मीटरवर असेल तर चढ आठशेचा. शिवाय वाटेत उतरून पुन्हा चढावी लागणारी प्रत्येक खिंड त्यात मिळवायची.

सोसोगड पहिल्या खेपेला घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याआधी पारोड्याचा चंद्रनाथ करा. उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, वर देवळापर्यंत पायऱ्या आहेत, वाट चुकायचा प्रश्न नाही. पाठीवर ७ किलो वजन घेऊन सकाळी दोनदा वर-खाली करा. दुसऱ्या उतरणीत गुडघे थरथरायला लागले तर अजून तीन-चार आठवडे हवेत असं समजा. त्यानंतर केरीच्या अंजुणे धरणाच्या परिसरातल्या वाघेरीसारखा डोंगर, आणि मग सत्तरीतली उंच शिखरं. चोर्ला घाटाच्या माथ्यावर गाडीने जाऊन सड्यावर फिरणं छान असतं, पण त्याला सराव म्हणू नका. तिथे चढ गाडीने चढलेला असतो.

महिना निवडायचा तर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा. नोव्हेंबरात गवत कमरेएवढं असतं, पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही. फेब्रुवारीत ते गवत वाळतं, व्हाळ म्हणजे ओढे आटतात आणि वणव्यांचा काळ सुरू होतो. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात लागलेले वणवे विझवायला नौदलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली होती. तेव्हा डोंगरावर चूल नाही, विडी-सिगरेट नाही, आणि कॅम्पफायरचं नावही काढू नका.

आधी परवानगी, मग तारीख

सत्तरीतला बराचसा उंच भाग म्हादई अभयारण्यात येतो. १९९९ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरचं आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार विनापरवाना आत शिरणं हा गुन्हा आहे. "गावातले लोक जातातच की" हा युक्तिवाद वनरक्षकापुढे टिकत नाही. गावकऱ्यांची त्या रानात वहिवाट आहे, तुमची नाही.

म्हणून तारीख ठरवण्याआधी वाळपईच्या वन कार्यालयात जा. सोबत गटाची यादी, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत, कुठून चढणार-कुठे उतरणार याची नोंद आणि गाडीचा नंबर असू द्या. काही वाटा काही काळ बंद असतात. "नाही" म्हटलं तर नाही, दुसरा डोंगर निवडा. परवानगी मिळाली की तिथेच वाटाड्याची चौकशी करा. पायथ्याच्या गावातला, रानात नेहमी जाणारा माणूस हवा. त्याची मजुरी आधी बोलून ठेवा, त्याचं पाणी आणि जेवण आपल्या हिशोबात धरा, आणि तो "आता परतूया" म्हणाला तर वाद घालू नका. त्याला उंचीचा आकडा माहीत नसेल, पण गवारेडा कुठल्या पाणवठ्यावर उतरतो ते त्याला ठाऊक असतं.

पणजीहून वाळपई ४०-४५ किलोमीटर. कदंबची पहिली बस पकडून पायथ्याला वेळेवर पोचणं जमत नाही. म्हणून शनिवारी दुपारीच निघा, संध्याकाळी पायथ्याच्या गावात पोचा आणि वाटाड्याच्या ओळखीने एखाद्या घराच्या ओसरीवर मुक्काम करा. जेवणाचे पैसे आपणहून द्या. संध्याकाळच्या त्या दोन तासांत डोंगर समोरून नीट पाहून घ्या: कुठल्या सोंडेने (माथ्यापासून खाली उतरत जाणाऱ्या धारेने) चढायचं, कुठली सोंड तिच्यासारखीच दिसते पण भलतीकडे उतरते, कडा कुठे आहे.

घड्याळाचा हिशोब

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही कामाचा आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. हा ठोकताळा थंड हवेतल्या सराईतांसाठी आहे. आपल्या दमट हवेत, नवख्या पायांसाठी, येणाऱ्या उत्तराला दीडने गुणा.

उदाहरणार्थ, एका बाजूने ६ किलोमीटर चाल आणि ८०० मीटर चढ. अंतराचे सव्वा तास, चढाचे एक तास वीस मिनिटं, मिळून साधारण अडीच तास. दीडपट केले की पावणेचार. उतरायला तीन तास धरा, कारण नवखे उतरताना फारसा वेळ वाचवत नाहीत. थांबे, खाणं, फोटो यांचा एक तास. एकूण पावणेआठ, म्हणजे आठच धरा. डिसेंबरअखेरीस सूर्य सातच्या जरा आधी उगवतो आणि सहानंतर थोड्या वेळात मावळतो. रानात अंधार त्याच्याही अर्धा तास आधी होतो. पावणेसातला निघालात तर पावणेतीनला खाली. हातात तीन तास उरतात, आणि ते उरायलाच हवेत. मुरगळलेला पाय, चुकलेली वाट, दमलेला साथीदार हे सगळं त्या तीन तासांतून भागवायचं असतं.

यातून परतीची वेळ ठरते. वरच्या उदाहरणात ती साडेअकरा. साडेअकराला माथा वीस मिनिटांवर दिसत असला तरी मागे फिरायचं. ही वेळ शनिवारी रात्री सगळ्यांसमोर ठरवा आणि प्रत्येकाच्या फोनवर गजर लावा. वर पोचल्यावर ठरवायला गेलं तर सगळे "अजून थोडंच" म्हणतात. गटात चार ते सहा जण असावेत. चालण्याचा वेग सर्वांत हळू माणसाचा, आणि सर्वांत अनुभवी माणूस शेवटी. "तू इथेच बस, आम्ही वर जाऊन येतो" हे कोणालाही, कधीही म्हणू नये. एक जण थांबला तर त्याच्यासोबत किमान एक जण खाली उतरतो, आणि गटात चारपेक्षा कमी लोक उरत असतील तर सगळेच उतरतात.

पहाटे अंधारात निघून सूर्योदय माथ्यावर गाठायची हौस सत्तरीत नको. त्या वेळी गवे, अस्वलं वाटांवर असतात. उजाडल्यावरच पाऊल उचला.

पाणी आणि खाणं

माणशी ४ लिटर. कमी नाही. ओढ्यांच्या भरवशावर बसू नका. पावसात गरजणारे व्हाळ जानेवारीत सोंडेवर कोरडे असतात, आणि खाली जिथे पाणी साचलेलं असतं तिथे रात्री जनावरं येऊन गेलेली असतात. ४ लिटर एकाच भांड्यात नेऊ नका. एक-एक लिटरच्या चार बाटल्या घ्या. एक फुटली तर तीन राहतात, आणि किती प्यायलो ते दिसत राहतं. पहिल्या दोन चढताना, तिसरी माथ्यावर आणि उतरताना, चौथी गाडीपर्यंत हात न लावता. दुसरी बाटली माथ्याच्या बरीच खाली संपली तर परतीची वेळ घड्याळाची वाट न पाहता आलीच असं समजा.

नुसतं पाणी ढोसून चालत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, निथळतो, आणि त्याबरोबर मीठ जातं. मांडीत, पोटरीत गोळे येण्याचं तेही एक कारण असू शकतं. एका बाटलीत ओआरएसची एक लिटरची पुडी विरघळवा. दुसऱ्या बाटलीत कोकमाचं आगळ दोन-तीन चमचे आणि चार चमचे साखर. आगळात मीठ असतंच, आणि दुपारच्या उन्हात गोड सरबतापेक्षा ते घशाखाली सहज उतरतं. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. तहान लागेपर्यंत थांबू नका.

खायला जे बाहेर टिकतं आणि चिरडलं तरी खाता येतं ते: पोई आणि सुकी भाजी, केळी, शेंगदाण्याची चिक्की, गूळ-खोबरं, खजूर. मासळीचा डबा, ओलं खोबरं घातलेली भाजी, अंडी नकोत, दुपारपर्यंत बिघडतात. सकाळी निघण्याआधी भरपेट नाश्ता नको, पण रिकाम्या पोटीही नको. एक-दोन पोया आणि चहा पुरे. दर तासाला मूठभर काहीतरी तोंडात टाका.

पिशवी आणि पाय

पाठपिशवी २५ ते ३० लिटरची, कमरेला पट्टा असलेली. पाण्यासकट वजन ७ किलोच्या आत. जड वस्तू, म्हणजे बाटल्या, पाठीला चिकटून आणि खांद्याच्या पात्यांच्या उंचीला. तळाला ठेवल्या तर पिशवी मागे ओढते. आत असायलाच हवं ते: हेडलॅम्प आणि जादा सेल (दुपारी परतणार असलात तरी), शिट्टी, पातळ वाऱ्याचं जाकीट, एक कोरडा टी-शर्ट, टोपी, चार्ज केलेली पॉवर बँक, आणि आधीच उतरवून ठेवलेला ऑफलाइन नकाशा. सत्तरीच्या आतल्या भागात नेटवर्क जातं आणि बराच वेळ येत नाही.

प्रथमोपचारात चार इंचांचं क्रेप बँडेज दोन, फोडांसाठी चिकटपट्टी, जंतुनाशक, टोकदार चिमटा, ॲलर्जीची गोळी आणि आपली नेहमीची औषधं.

अंगात सुती कपडे नकोत. घामाने भिजलेलं सुती बनियन माथ्यावरच्या वाऱ्यात गार पडतं, आणि हिवाळ्यात हुडहुडी भरते ती इथेच. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात वारा आणि ओलं अंग. चढताना जाकीट काढून ठेवा आणि माथ्यावर पोचताच, थंडी वाजायची वाट न पाहता, टी-शर्ट बदलून जाकीट चढवा. बाह्या पूर्ण, पॅन्ट पूर्ण. हाफ पॅन्टची हौस पहिल्या कारवीच्या जंगलातच फिटते. तोडलेल्या कारवीचे वाळलेले बुंधे भाल्यासारखे उभे असतात. पुढच्याने वाकवलेली फांदी मागच्याच्या डोळ्यावर येते, म्हणून दोन माणसांत दोन-तीन हातांचं अंतर ठेवा. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगाही पिकलेल्या असतात. वेलीला लटकलेल्या, तपकिरी लव असलेल्या त्या शेंगांना बोट लावू नका. लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टीने कुसं उपटून काढा, मगच धुवा.

बूट नवे घेऊन थेट डोंगरावर जाऊ नका. आधी किमान चाळीस-पन्नास किलोमीटर चाललेले असावेत. पुढे अंगठ्यापाशी बोटभर जागा हवी, कारण उतरताना पाऊल पुढे सरकतं आणि नखं काळीनिळी पडतात. त्यावर उपाय बांधणीत आहे. उतरायला लागण्याआधी खाली बसून नाडी पुन्हा बांधा. वरून दुसऱ्या छिद्रापर्यंत नेहमीसारखी ओवा. मग प्रत्येक बाजूची नाडी त्याच बाजूच्या सर्वांत वरच्या छिद्रात घालून छोटा फास तयार करा. आता उजवी नाडी डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून काढा, टाच मागे आपटून बसवा, घट्ट ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर धरली जाते आणि बोटं पुढे आपटत नाहीत. दोन मिनिटांचं काम आहे, पण नवख्यांपैकी फार थोडे ते करतात.

काठ्या वापरणार असाल तर सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी ठेवा, उतरताना ५ ते १० सेंटिमीटर वाढवा.

चढ आणि उतार

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. बोलता येईल इतकाच वेग. धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. लांब ढांगा टाकण्यापेक्षा छोटी पावलं, आणि पूर्ण तळवा टेकवून. दर पन्नास मिनिटांनी पाच मिनिटं थांबा. त्याहून जास्त बसलात तर पाय आखडतात.

वाटेला जिथे फाटा फुटतो तिथे थांबा, मागे वळा आणि मागच्या दिशेचा फोटो काढा. परतताना वाट तशी दिसणार आहे, चढताना दिसते तशी नाही. सह्याद्रीत वाट चुकते ती बहुतेक वेळा उतरताना, आणि माथ्याजवळच. एकाच माथ्यावरून तीन-चार सोंडा उतरतात, सुरुवातीला सगळ्या सारख्याच. त्यात गुरांच्या वाटा असतात. त्या छान मळलेल्या असतात आणि मध्येच उतारावर विरून जातात.

चुकलात असं वाटलं की आधी थांबा. खात्रीच्या शेवटच्या जागेपर्यंत परत चढा, मग शोधा. व्हाळाच्या पात्रातून खाली उतरायचा मोह अजिबात धरू नका. "पाणी शेवटी गावातच जातं" हे खरं आहे, पण आपल्या घाटात ते गावात जाण्याआधी कड्यावरून उडी मारतं. पात्रात उतरत गेलेला माणूस कोरड्या धबधब्याच्या माथ्यावर येऊन अडकतो: पुढे कडा, मागे गुळगुळीत कातळ.

उतरताना दोन ठिकाणं घसरवतात. जांभ्याची बारीक खडी पायाखाली गोट्यांसारखी फिरते, आणि वाळलेलं गवत उतारावर झोपलेलं असेल तर त्यावर बूट टिकत नाही. दोन्हीकडे गुडघे थोडे वाकवून, वजन पुढच्या पायावर, छोटी पावलं. मागे रेलून उतरायला गेलात तर बूड आपटणारच. गवताळ उतारावर नाकासमोर उतरू नका, आडवं-तिडवं जा. सकाळच्या दवात हे गवत अधिकच वाईट.

माश्या, गोचिडी आणि बाकीचे

वाघाची चर्चा सगळे करतात. सत्तरीत वाघ आहेत, पण नवख्याला खरा त्रास देतात त्या आग्या माश्या. कड्याच्या ओठाखाली आणि उंच झाडांवर त्यांची पोळी लोंबत असतात. अत्तर, सुगंधी तेल, धूर, आरडाओरडा, ड्रोन यांनी त्या उठतात. पोळं दिसलं तर आवाज बंद, एका रांगेत, लवकर पुढे. उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका. जाकिटाने डोकं-तोंड झाकून पोळ्यापासून दूर, दाट झाडीत शिरा आणि चालत राहा. काटे नखाने खरवडून लगेच काढा. ओठ सुजले, श्वास अडला किंवा खूप डंख बसले असतील तर तो डोंगर तिथेच संपला, थेट रुग्णालय.

दुसरं म्हणजे गोचिडी. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि त्याचा काळ नेमका डिसेंबर ते मे, म्हणजे आपल्या चढाईचाच. हा विषाणू रानातल्या गोचिडीतून माणसात येतो. फिकट रंगाची पॅन्ट घाला म्हणजे गोचीड दिसते. पॅन्टचं टोक मोज्यात खोचा. उघड्या अंगाला आणि बुटांना कीटकरोधक मलम लावा. पाचोळ्यावर बसू नका, कातळावर किंवा चटई टाकून बसा. माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. खाली आल्यावर काखा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे, कमरेच्या पट्ट्याखाली तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. रॉकेल, काडी, चिरडणं नको. कपडे गरम पाण्यात टाका.

गवारेडा वाटेत उभा असेल तर वाट त्याची. लांबूनच थांबा, तो जाईपर्यंत. दाट झाडीत, वळणावर, मोठ्याने बोलत चाला. अस्वल अचानक समोर येणं दोघांसाठीही वाईट.

साप चावलाच तर जखम कापू नका, दोरी आवळू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, तो अवयव हलणार नाही असा बांधा, चावल्याची वेळ लिहा आणि माणसाला चालवण्यापेक्षा उचलून न्या. गोव्यात १०८ किंवा ११२. पण फोन लागेल त्या जागेपर्यंत धावणारा माणूस तुमच्या गटातलाच असणार. म्हणून घरी एका जबाबदार माणसाकडे लिहून द्या: वाटाड्याचं नाव-नंबर, पायथ्याचं गाव, गाडी कुठे लावली आहे, आणि "संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळव." खाली उतरलात की पहिला फोन त्याला.

यानंतर कळसूबाई

सत्तरीतला एखादा मोठा चढ ठरल्या वेळेत झाला की महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटरचं कळसूबाई, एका लांबलेल्या शनिवार-रविवारात बसतं. चढ सत्तरीसारखाच, साधारण ९०० मीटर. वाट मळलेली, कठीण कातळावर लोखंडी शिड्या. इथे मात्र थंडी खरी असते. हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांखाली उतरणं नेहमीचं, वारा वेगळा. हातमोजे, कानटोपी आणि एक उबदार थर घ्या. गार शिड्यांना उघड्या हाताने धरवत नाही.

मडगावहून शुक्रवारी संध्याकाळी कोकणकन्या एक्सप्रेस धरली की पहाटे ठाणे. तिथून लोकलने कसारा, कसाऱ्याहून गाडी किंवा जीपने घोटीमार्गे बारी गाव. दुपारपर्यंत पोचता. शनिवारी मुक्काम बारीत, एखाद्या घरी जेवण सांगून ठेवावं. हिवाळ्यात शनिवारी रात्री इथे मुंबई-नाशिकची झुंबड असते आणि शिड्यांवर रांग लागते. ती टाळायची तर दोन मार्ग: पहाटे तीनला निघून सगळ्यांच्या पुढे राहा, किंवा सूर्योदयाचा नाद सोडून साडेसहाला निघा, म्हणजे गर्दी उतरत असताना तुम्ही चढता. दुसरा जास्त शहाणपणाचा, फक्त शिडीवर उतरणाऱ्यांना आधी वाट द्या. शिडीवर एका वेळी एकच दिशा, तीन ठिकाणी पकड, आणि सेल्फी खाली उतरल्यावर.

अकरा-साडेअकरापर्यंत बारीत परत यायला हवं. एकला निघालात तर संध्याकाळी ठाणे, रात्री उशिरा परतीची कोकणकन्या आणि सोमवारी दुपारच्या आत मडगाव. म्हणजे सोमवारी निदान अर्ध्या दिवसाची रजा हवीच. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि डिसेंबरच्या शुक्रवारच्या जागा लगेच भरतात, तेव्हा जाण्याचं आणि येण्याचं, प्रत्येक तिकीट त्याचं आरक्षण उघडेल त्याच दिवशी काढा.

सोमवारनंतरचा आठवडा मात्र स्वतःकडे लक्ष ठेवा, विशेषतः सत्तरीहून आला असाल तर. माकडताप गोचीड चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत उसळतो: अचानक भरलेला ताप, डोकं फुटेल अशी वेदना, अंग मोडून येणं. तसं काही झालं तर मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. डॉक्टरकडे जा आणि विचारायची वाट न पाहता सांगा की गेल्या आठवड्यात सत्तरीच्या रानात होतो. हे सांगितलं तरच ते योग्य चाचणी लिहून देतील.